किनारा बंद, नाक उघडे

मे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगो काउंटीने (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) समुद्राचे पाणी तपासण्याची पद्धत बदलली. तोवर पाण्याचा नमुना आणायचा, त्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढू द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ते मोजायचे, अशी रीत होती. नव्या पद्धतीत जिवाणूंचा डीएनएच मोजतात, त्यामुळे निकाल त्याच दिवशी हाती येतो. मेक्सिकोच्या हद्दीजवळच्या इम्पिरियल बीच आणि कोरोनाडो इथल्या किनाऱ्यांवर त्या उन्हाळ्यात ‘पाण्यात उतरू नका’चे फलक एकदम वाढले. समुद्र काही महिनाभरात जास्त घाण झाला नव्हता; मेक्सिकोतून वाहत येणाऱ्या तिहुआना नदीतले सांडपाणी आधीही येतच होते. बदलली होती ती मोजपट्टी. जुन्या पद्धतीत १०० मिलिलिटर पाण्यात १०४ एन्टेरोकॉकस जिवाणू (मैल्याची खूण सांगणारे) ही धोक्याची रेघ होती, नव्या पद्धतीत ती १,४१३ डीएनए-प्रतींवर आली. या दोन आकड्यांची ना वजाबाकी होते, ना भागाकार. आणि त्याच समुद्राच्या काठी, सीमेच्या कुंपणापलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआना शहराच्या किनाऱ्यावर, मेक्सिकोचा नियम १०० मिलिलिटरमागे २०० जिवाणूंपर्यंत पोहायला हरकत घेत नाही.

लाट एकच. कुंपणाच्या या बाजूला फुटली तर धोकादायक, त्या बाजूला फुटली तर चालण्यासारखी.

दोन देशांत मिळून पसरलेल्या प्रदेशासाठी पर्यावरण आणि लोकांचे आरोग्य यांची सांगड घालणारे निर्देशक निवडायचे झाले, की हा पेच पहिल्याच बैठकीत समोर येतो. समित्या मग सोपी वाट धरतात. दोन्ही देशांकडे आधीपासून कोणते आकडे गोळा होतात त्याची जंत्री करायची, दोन्हीकडे सामाईक असतील तेवढे उचलायचे, शेजारी शेजारी रकान्यांत मांडायचे आणि त्याला सीमाप्रदेशाचा अहवाल म्हणायचे. ही वाट मला मुळातच चुकीची वाटते. दोन राष्ट्रीय दप्तरांतून उसने घेतलेले वीस आकडे एकत्र शिवण्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकाच पद्धतीने, मिळून मोजलेले चार आकडे केव्हाही बरे. आणि ते चार आकडे शक्यतो रोगांचे नकोत. हवेतून, पाण्यातून, धुळीतून माणसाच्या अंगापर्यंत काय पोहोचते आहे, त्याचे हवेत.

पुढे जाण्याआधी एका शब्दाचा घोळ मिटवतो. मराठीत निर्देशक आणि निर्देशांक हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. निर्देशक म्हणजे एखादी गोष्ट दाखवून देणारे एक मोजमाप: मुलांच्या रक्तातले शिसे, नळाच्या पाण्यातले क्लोरीन. निर्देशांक म्हणजे अशा अनेक मोजमापांना वजन देऊन, कुटून, एका आकड्यात बसवलेला लाडू. सीमाप्रदेशासाठी असा लाडू वळण्याचा मोह फार होतो, कारण नेत्यांना एकच आकडा हवा असतो. पण त्यात काय किती घातले आहे, हे ठरवणारा देश कोणता, यावर भांडण ठरलेले. शिवाय एका बाजूची हवा बिघडली आणि दुसऱ्या बाजूचे पाणी सुधारले, तर आकडा जागचा हलत नाही.

आता पुन्हा तिहुआना नदीकडे. किनारा किती दिवस बंद राहिला हा तिथला वर्षानुवर्षांचा ठळक निर्देशक. इम्पिरियल बीचचा किनारा सलग हजाराहून अधिक दिवस बंद राहिला, ही बातमी जगभर पोहोचली. निर्देशक म्हणून त्यात दिसायला काहीच वावगे नाही. मोजायला सोपा, लोकांना कळणारा, रोजच्या रोज मिळणारा. पण हा निर्देशक एक गोष्ट गृहीत धरून चालतो: या घाणीचा माणसाशी संबंध येतो तो पोहताना. किनारा बंद केला, पोहणे थांबले, म्हणजे धोका टळला. नदीकाठच्या वस्त्यांत राहणारे लोक मात्र कितीतरी काळ वेगळेच सांगत होते. वासाने झोप लागत नाही, डोके दुखते, मुले खोकतात. त्यांच्यातले अनेक जण पोहायला जातही नसतील. २०२४ मध्ये विद्यापीठांतल्या संशोधकांनी नदीकाठच्या नेस्टर वस्तीत हवा मोजली. तेव्हा रात्री वारा पडल्यावर हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू शहरी हवेत एरवी असतो त्याच्या कित्येक पट सापडला. सांडपाणी जिथे उंचावरून कोसळून फेसाळते तिथून तो उसळत होता. म्हणजे किनारा बंद होता आणि नाके उघडी होती. निर्देशक आपल्या जागी अगदी बरोबर होता, फक्त तो दुसऱ्याच माणसाच्या आरोग्याबद्दल बोलत होता.

आणि हे झाले कुंपणाच्या उत्तरेकडचे. तोच ओहोळ उगमाकडे तिहुआनातल्या ज्या घळींमधून वाहतो, तिथे उतारावर गटाराविना घरे उभी आहेत. त्या घरांतल्या मुलांसाठी ‘किनारा बंदचे दिवस’ या निर्देशकात रकानाच नाही. प्रदूषित पाण्याच्या सगळ्यात जवळ जे राहतात, तेच मोजणीच्या बाहेर. यात कुणाचा डाव होता असे मी म्हणत नाही. ज्या काउंटीच्या पैशाने तपासणी होते, तिने आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्यांची काळजी घेतली, इतकेच. पण ती मोजणी ‘सीमाप्रदेशाचा निर्देशक’ म्हणून उचलली, की पैसे देणाऱ्याची नजर साऱ्या प्रदेशाची नजर बनते.

१९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने या विषयासाठी एक साखळी मांडली आणि आजही निर्देशकांची बहुतेक चर्चा तिच्याभोवती फिरते. आधी प्रेरक शक्ती: लोकसंख्या, उद्योग, उपभोग. त्यांतून निसर्गावर येणारा दाब, म्हणजे धूर, सांडपाणी, कचरा. त्याने बिघडलेली हवा-पाण्याची स्थिती. त्या बिघाडाशी माणसाचा येणारा संपर्क. शेवटी आरोग्यावरचा परिणाम. आणि प्रत्येक कडीवर करता येण्यासारखी कृती. मांडणी चांगली आहे. विचार करणाऱ्याला ती शिस्त लावते. पण ती एकाच राज्यकर्त्याच्या हद्दीतला प्रदेश डोळ्यांपुढे ठेवून सुचली असावी असे मला नेहमी वाटते. सीमेवर ही साखळी मधोमध तुटते. तिहुआनातल्या माकिलादोरा, म्हणजे निर्यातीसाठी माल जुळवणाऱ्या, कारखान्यांचा माल उत्तरेकडे जातो, मजुरी दक्षिणेत राहते आणि सांडपाणी पुन्हा उत्तरेकडे वाहते. उत्तरेतल्या जुन्या गाड्या आणि झिजलेले टायर दक्षिणेत येतात, त्यांचा धूर दोन्हीकडे पसरतो. प्रेरक शक्ती एका देशात, दाब दुसऱ्या देशात, संपर्क दोन्हीकडे. उपचार जिथे स्वस्त किंवा जवळ असतील तिथे.

अशा वेळी प्रत्येक देश आपल्या हद्दीत पडणाऱ्या कड्या मोजतो आणि शेजाऱ्याच्या हद्दीतल्या कड्यांकडे बोट दाखवतो. खालच्या अंगाचा देश ‘स्थिती’चे आकडे छापतो, कारण त्यांतून शेजाऱ्याची चूक दिसते. वरच्या अंगाचा देश ‘कृती’चे आकडे छापतो, कारण त्यांतून स्वतःची मेहनत दिसते. दोघेही खरेच बोलत असतात. संपर्काची कडी मात्र पोरकी राहते, कारण ती मोजायला लोकांच्या दारात जावे लागते आणि जे सापडेल त्याची जबाबदारी नेमकी कुणाची ते आधी ठाऊक नसते. म्हणूनच माझा भर तिच्यावर आहे.

रोगांचे आकडे का नकोत, हे जरा सविस्तर सांगायला हवे. कारण सार्वजनिक आरोग्याचा निर्देशक म्हटल्यावर लोकांच्या मनात पहिल्यांदा रोगच येतो आणि ते स्वाभाविक आहे. दम्याचे उदाहरण घ्या. दम्याची नोंद होण्यासाठी माणूस डॉक्टरकडे जावा लागतो, डॉक्टरने त्याला दमा म्हणावे लागते, ब्रॉन्कायटिस म्हणून चालत नाही, आणि ते कुठल्यातरी दप्तरात चढावे लागते. विमा, दवाखान्याचे अंतर, निदानाची सवय, सगळ्यांत दोन देश वेगळे. जिथे आरोग्यसेवा बरी तिथे दमा जास्त ‘दिसतो’. उद्या गरीब बाजूला चार दवाखाने नवे उघडले, तर तिथला दम्याचा आकडा वाढेल आणि हवा बिघडली असा निष्कर्ष कुणीतरी काढील. सुधारणा केल्याची शिक्षा देणारा निर्देशक कुठलाही आरोग्य अधिकारी मनापासून पाळणार नाही.

अतिसाराचे त्याहून अवघड. मेक्सिकोत ऑगस्ट २०१० पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके विकण्यावर निर्बंध आले. त्याआधी ज्यांचे भागत होते औषधाच्या दुकानात, ते नंतर दवाखान्यात जाऊ लागले, तर अतिसाराच्या नोंदी पाणी न बिघडताच वाढू शकतात. शिवाय सीमेवरचे लोक उपचारासाठी सीमा ओलांडतात. अमेरिकेत राहणारे कितीतरी जण दातांसाठी, औषधांसाठी दक्षिणेत जातात. आजार एका देशात होतो, नोंद दुसऱ्या देशात होते, किंवा कुठेच होत नाही. अंश एका देशातला आणि छेद दुसऱ्या देशातला, अशा अपूर्णांकाला दर म्हणायचे तरी कसे?

यावर एक रास्त आक्षेप येतो. लोक आणि नेते हलतात ते रोगामुळे, मृत्यूमुळे. घनमीटरमागे इतके मायक्रोग्रॅम ऐकून कुणाचे काळीज धडधडते? मला हा आक्षेप मान्य आहे, आणि त्याचे उत्तर ऱ्हाईन नदीने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बासेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली, विझवायला वापरलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके नदीत गेली आणि खाली लांबवर ईल मासे मरून पडले. ऱ्हाईनसाठी आंतरराष्ट्रीय आयोग १९५० पासून होता, बैठका होत होत्या, घोंगडे भिजत पडले होते. आगीनंतर १९८७ मध्ये नदीकाठच्या देशांनी जो कृती-कार्यक्रम आखला, त्याचे उद्दिष्ट एका माशात बांधले: सन २००० पर्यंत सामन नदीत परतला पाहिजे. सामन समुद्रातून वर चढतो, म्हणजे तो परतायचा तर नेदरलँड्स, जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड, कुणालाही आपल्या वाट्याचे काम टाळता येत नव्हते. बांधांना मासे चढतील अशा वाटा करायच्या, कारखान्यांचे सांडपाणी आवरायचे, सगळे त्या एका माशामागे ओढले गेले. आणि सामन परतू लागले.

हा निर्देशक मला अतिशय आवडतो. एकाच बाजूचा सामन मोजताच येत नाही, हे त्यातले मर्म. पण त्याचीही मर्यादा सांगितली पाहिजे. मासा जगला म्हणून पाणी पिण्याजोगे झाले असे नाही. माशाला सोसवणारी, माणसाच्या शरीरात मात्र वर्षानुवर्षे साचणारी रसायने असतात. सामन राजकारणाला जागा करणारा निर्देशक आहे, आरोग्याचा पुरावा नाही. दोन्ही कामे एकाच आकड्याकडून करून घ्यायचा हट्ट सोडला, तर बरेच वाद संपतील. लोकांना हलवायला एखादा सामन ठेवावा, आणि मोजायला शांतपणे शिसे, धूळ आणि पाणी मोजत राहावे.

शिशाची गोष्ट तर निर्देशक निवडणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लावावी अशी आहे. अमेरिकेतले एल पासो आणि मेक्सिकोतले सिउदाद हुआरेझ ही जुळी शहरे; मध्ये रिओ ग्रांदे नदी, नदीकाठी एल पासोच्या बाजूला धातू गाळण्याचा मोठा कारखाना. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्याजवळ राहणाऱ्या मुलांचे रक्त तपासले, तेव्हा अगदी शेजारच्या पट्ट्यातल्या निम्म्याहून अधिक लहान मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ४० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे निघाले. ४० ही तेव्हाची चिंतेची रेघ. पुढे अमेरिकेत ती ३० झाली, मग २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५, २०२१ मध्ये ३.५. मेक्सिकोने २०१७ मध्ये आपली रेघ १० वरून ५ वर आणली. आता समजा सीमाप्रदेशाचा निर्देशक ठरला ‘मर्यादेपेक्षा जास्त शिसे असलेल्या मुलांची टक्केवारी’. ही टक्केवारी मुलांचे रक्त सुधारत असतानाही मध्येच उडी मारील, आणि दोन देशांच्या उड्या वेगवेगळ्या वर्षी पडतील. मुलांची प्रगती वाचायची की कायद्याची? त्यापेक्षा रेघ बाजूला ठेवावी आणि मुलांच्या रक्तातल्या शिशाचे सगळे आकडे जसेच्या तसे जपावेत: मधला आकडा कुठे आहे, सगळ्यात वरच्या दहा टक्क्यांत कोण आहे, ती मुले कोणत्या गल्लीतली. रेघ कुणालाही, केव्हाही, नंतर मारता येते.

कारखाना १९९९ मध्ये थांबला, त्याच्या उंच चिमण्या एप्रिल २०१३ मध्ये पाडल्या. चिमणी पडली तरी मातीतले शिसे पडत नाही, हा मुद्दा वेगळाच.

‘आपापल्या मानकापेक्षा जास्त दिवस’ हा हवेच्या बाबतीतला लाडका निर्देशकही याच जातीचा. लाहोर आणि अमृतसर यांच्यात जेमतेम ५० किलोमीटर. हिवाळ्यातला धूर दोघांचा एकच. पीएम २.५ या बारीक कणांसाठी भारताचे वार्षिक मानक घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम, पाकिस्तानचे १५. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिफारस केली ५ ची. तेव्हा हवा तंतोतंत सारखी असली, तरी मानक ओलांडल्याची नोंद पाकिस्तानात जास्त होणार. ज्याने स्वतःला कडक नियम लावला तोच कागदावर जास्त दोषी. असे करून कडक नियम लावण्याची उमेद वाढते का? आग्नेय आशियातल्या धुक्याचेही हेच झाले. इंडोनेशियातल्या सुमात्रात जंगल आणि पीट जमीन (कुजलेल्या वनस्पतींची, सहज पेटणारी) जळते, धूर सिंगापूर आणि मलेशियावर पसरतो. जून २०१३ मध्ये सिंगापूरचा प्रदूषण निर्देशांक ४०१ वर गेला. त्यानंतर सिंगापूरने २०१४ मध्ये पीएम २.५ निर्देशांकात घेतले, मलेशियाने २०१८ मध्ये. मधल्या चार वर्षांत सामुद्रधुनीच्या दोन काठांवर एकाच धुराला दोन निरनिराळे निर्देशांक मिळत होते. या धुराबद्दल आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा, आसियानचा, २००२ चा करार होता, सह्या होत्या. एकच फिल्टर, एकच तराजू मात्र नव्हता.

तराजूबद्दल बोलतोय तर आणखी एक. मिळून मोजणे म्हणजे दोघांनी सारखेच महागडे यंत्र घेणे नव्हे. दोन्हीकडची यंत्रे वर्षातून एकदा एका गच्चीवर शेजारी शेजारी ठेवून महिनाभर चालवायची, फरक लिहून ठेवायचा आणि तो फरक अहवालाच्या पहिल्या पानावर छापायचा. रक्ताचे काही नमुने अदलाबदल करून दोन्ही प्रयोगशाळांत तपासायचे. हे काम कंटाळवाणे आहे आणि याची बातमी होत नाही, म्हणून ते होत नाही. पण निर्देशकांच्या बैठकांत ज्या चर्चा तासन्‌तास चालतात त्यांतली निम्मी या एका महिन्याने संपेल.

आता माणूस कुठे मोजायचा, हा प्रश्न. आपली सगळी आकडेवारी माणसाला घराच्या पत्त्यावर शोधते. सीमाप्रदेशातला माणूस पत्त्यावर नसतो. सॅन डिएगो आणि तिहुआना यांच्या मधला सॅन इसिद्रोचा सीमानाका जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जमिनीवरच्या नाक्यांपैकी एक. पहाटे तिहुआनातून निघून उत्तरेत कामाला किंवा शाळेत जाणारे लोक तिथे चालू इंजिनांच्या रांगेत उभे असतात, काही गाडीत, काही पायी. त्यांचा दिवसातला सगळ्यात घाणेरडा श्वास त्या रांगेत घेतला जातो. ती रांग कोणत्या काउंटीत धरायची, कोणत्या म्युनिसिपियोत, म्हणजे मेक्सिकोतल्या पालिकेच्या हद्दीत? दोन्ही शहरांच्या सरासरी हवेत ती विरून जाते. म्हणून नाक्यावरचा निर्देशक हवा: रांगेतला सरासरी वेळ आणि त्या वेळेतल्या हवेतले कण, यांचा गुणाकार. शिवाय हा आकडा बिघडला तर काय करायचे ते लगेच कळते. तपासणीच्या खिडक्या वाढवा, रांग कमी करा, इंजिने बंद ठेवायला लावा. शहराची सरासरी हवा बिघडली तर काय करायचे, त्यावर मात्र समितीची समिती नेमावी लागते.

आणि याच सीमेवर, अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात उन्हाने मरणारे? सीमा पायी ओलांडताना तहानेने, उष्णतेने जीव गेलेल्यांची नोंद तिथल्या पिमा काउंटीच्या शवचिकित्सकाच्या दप्तरात होते. उष्णतेने झालेले मृत्यू हा पर्यावरणीय आरोग्याचा अगदी पाठ्यपुस्तकी निर्देशक. तरी ते मृत्यू स्थलांतराच्या फायलीत जातात. कोणत्या मृत्यूला कोणती फाईल, हे ठरवणे तांत्रिक काम नाही.

प्रदेशाची हद्द ठरवणेही तसेच. अमेरिका आणि मेक्सिको यांनी १९८३ मध्ये ला पास इथे केलेल्या करारात सीमेच्या दोन्ही बाजूंना १०० किलोमीटरचा पट्टा ‘सीमाप्रदेश’ ठरवला. करार करायला असा सरळ पट्टा सोयीचा. पण हवा आणि पाणी १०० किलोमीटर मोजून थांबत नाहीत, आणि आकडेवारी काउंटीच्या व म्युनिसिपियोच्या हद्दींत मिळते. लाखो वस्तीची काउंटी आणि शेजारची काही हजारांची काउंटी एकाच सरासरीत, सॅन डिएगोचे श्रीमंत डोंगर आणि नाक्याला चिकटलेले सॅन इसिद्रो एकाच रकान्यात. पासो देल नोर्ते भागात, म्हणजे एल पासो, हुआरेझ आणि न्यू मेक्सिकोतला लगतचा तुकडा मिळून, १९९६ मध्ये याच कराराखाली हवेसाठी संयुक्त सल्लागार समिती नेमली गेली. तिने प्रदेश धरला तो डोंगरांच्या मधल्या हवेच्या खोऱ्याचा. दोन्हीकडचे अधिकारी, विद्यापीठवाले, नागरिक एका टेबलाला बसले. हे मला योग्य वाटते: आधी खोरे ठरवा, मग त्यात कोण कोण श्वास घेतो ते पाहा, जिल्ह्यांच्या रेघा सगळ्यात शेवटी.

कृतीच्या निर्देशकांवर थोडक्यातच बोलतो, कारण त्यांची बाजू घ्यायला सगळी खाती बसलेलीच आहेत. २००३ मध्ये सुरू झालेल्या, अमेरिका आणि मेक्सिको यांच्या ‘बॉर्डर २०१२’ या सीमा-पर्यावरण कार्यक्रमाने एक उद्दिष्ट ठेवले होते: पिण्याच्या पाण्याशी आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेशी जोडलेल्या घरांत २५ टक्क्यांची वाढ. उद्दिष्ट चांगलेच. पण जोडणी हा नळाचा गुण आहे, पाण्याचा नव्हे. नळ आहे आणि पाणी दिवसाआड येते, पाणी येते आणि त्यात क्लोरीन उरलेले नाही, पाणी साठवलेल्या पिंपावर झाकण नाही, या सगळ्या घरांची ‘जोडलेले’ म्हणूनच गणना होते. टायरांच्या ढिगांचेही तेच. किती टायर उचलले याचे फोटो निघतात. तेवढ्याच काळात सीमेपलीकडून किती वापरलेले टायर आले हे कुणी शेजारी लिहीत नाही. काम मोजायला माझी ना नाही. पण ते काम केल्याने कुणाच्या पेल्यात, कुणाच्या फुफ्फुसात काय फरक पडला, हा आकडा त्याला जोडलेला नसेल तर तो खात्याचा हिशेब झाला, आरोग्याचा निर्देशक नव्हे.

मग मी कोणते चार निवडीन? घरातल्या नळाला दिवसातून किती तास पाणी आणि त्यात उरलेले क्लोरीन. दोन्हीकडे एकत्र पारखलेल्या यंत्रांनी मोजलेले पीएम २.५, वस्तीत आणि नाक्यावर वेगवेगळे. लहान मुलांच्या रक्तातले शिसे, रेघ न मारता. चौथ्यावर मी अजून अडखळतो. तो प्रदेशागणिक बदलेल. तिहुआना खोऱ्यात तो नदीकाठच्या हवेतला वायू असेल, दुसरीकडे शेतातल्या मजुरांच्या अंगावर पडणारी फवारणी. शिशाबाबत एक खबरदारी हवी. मेक्सिकोत शिशाचा लेप दिलेली मातीची भांडी हा मोठा स्रोत आहे, अमेरिकेत जुन्या घरांचा रंग. आकडा सारखा निघाला तरी उपाय वेगळा. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत त्याचा मालक लिहिलेला असावा: हा वाढला तर कुणी, किती दिवसांत, काय करायचे. ज्या आकड्यापुढे कुणी स्वतःचे नाव लिहायला तयार नाही, तो यादीतून काढून टाकावा, मग तो कितीही शास्त्रशुद्ध असो.

चारच कशाला, जास्त का नकोत, असे शास्त्रज्ञ मित्र विचारतात. त्यांना संशोधनासाठी चारशे हवेत आणि ते त्यांनी जरूर गोळा करावेत. पण सीमेवर प्रत्येक निर्देशक म्हणजे दोन भाषा, दोन कायदे, दोन अर्थसंकल्प आणि दोन निवडणुका सांभाळून वर्षानुवर्षे पाळायचे एक आश्वासन आहे. चाळीस आश्वासने दिली, की तिसऱ्या वर्षी त्यांतली मोजायला सोपी तेवढीच उरतात, आणि मोजायला सोपी तीच असतात जी आधीपासून मोजली जात होती. फिरून तिथेच.

आणि जिथे आकडा नाही तिथे रकाना रिकामा सोडून छापावा. उत्तर अमेरिकेच्या पर्यावरण सहकार्य आयोगाने २००६ मध्ये कॅनडा, मेक्सिको आणि अमेरिका यांतल्या मुलांच्या पर्यावरणीय आरोग्याचा पहिला निर्देशक-अहवाल काढला. रक्तातल्या शिशाची देशभरची आकडेवारी त्यात मिळाली ती एकट्या अमेरिकेची. ओढूनताणून जुळवाजुळव करण्याचा मोह तिथेही झाला असेल. पण तिघांच्या दप्तरांत काय आहे आणि काय नाही ते शेजारी शेजारी दिसणे, हाच त्या अहवालाचा मला सगळ्यात कामाचा भाग वाटतो. रिकामा रकाना पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात पैसे मागू शकतो. अंदाजाने भरलेला रकाना मागू शकत नाही.

नेस्टरमधल्या रहिवाशांकडे यंत्र नव्हते. नाक होते, आणि कोणत्या रात्री वास असह्य झाला ते सांगता येत होते. वासाची तक्रार हा व्यक्तिनिष्ठ आकडा, म्हणून तो कुणाच्याच यादीत नव्हता. निर्देशक ठरवायला दोन्ही देशांचे लोक पुढच्या वेळी बसतील, तेव्हा टेबलावर पहिला कागद तो असावा: कुठल्या तारखेला, किती वाजता, कुंपणाच्या दोन्ही बाजूंच्या कोणत्या घरांनी खिडक्या लावून घेतल्या. मग यंत्र कुठे बसवायचे यावर फार वेळ जाणार नाही.